वस्त्राची साक्ष

बोईसरच्या स्थानकावर सकाळच्या गाडीनें उतरणाऱ्या माणसांचे दोन प्रवाह होतात. एक तारापूर औद्योगिक वसाहतीकडे वळतो. तेथें रसायनांचे, औषधांचे, पोलादाचे व कापडाचे कारखाने आहेत. दुसरा समुद्राच्या बाजूस, अणुवीजकेंद्राकडे जातो. दोन्ही प्रवाहांतील माणसें दिसावयास एकसारखींच: खांद्याला पिशवी, पिशवींत डबा, आणि तोंडावर अपुऱ्या झोपेची छाया. परंतु दुसऱ्या प्रवाहांतील माणूस किरणोत्सर्गाच्या विभागांत पाऊल ठेवतो, तेव्हां त्याच्या सदऱ्यावर छातीच्या उंचीवर आगपेटीएवढा एक बिल्ला चढतो. काम संपलें कीं बिल्ला तेथेंच मांडणीवर राहतो आणि माणूस घरीं जातो. ज्यांच्यासाठीं तो राबतो त्या घरच्या मंडळींस हा बिल्ला सहसा दृष्टीस पडत नाहीं.

या लहानशा वस्तूचा इतिहास वाचकांपुढें मांडावा, असें आम्हीं योजिलें आहे. अलीकडे कापडांतच विजेचे धागे विणून प्रकृतीवर नजर ठेवणाऱ्या सदऱ्यांची वार्ता वारंवार कानीं येते, आणि ही कल्पना जणूं कालच जन्मली अशा थाटानें तिची स्तुति होते. आमच्या मतें तिचें कूळ बरेंच जुनें आहे. आणि त्या कुळाची एक शाखा आपल्या पालघर जिल्ह्यांतच अर्ध्या शतकाहून अधिक काळ नांदत आहे. तिच्या अनुभवावरून नव्या वस्त्राविषयीं कांहीं शिकतां आलें तर पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु.

शरीराच्या रक्षणासाठीं आपल्या पूर्वजांनीं अंगावर दोन तऱ्हेच्या वस्तु बाळगिल्या. एक ताईत व दुसरें चिलखत. ताईत संकटास दूर ठेवतो अशी श्रद्धा. चिलखत आलेला घाव आपल्या अंगावर घेतें हा अनुभव. १७३९ च्या जानेवारींत चिमाजीअप्पांच्या फौजेनें तारापूरचा पोर्तुगीज कोट जिंकला, त्या झुंजींत बाजी भिवराव रेठरेकर यांसारखा मोहरा पडला. त्या काळचें संकट डोळ्यांस दिसे, कानांस ऐकूं येई. त्याच तारापूरच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकांत जें संकट माणसानें हातीं धरून वापरावयास घेतलें, तें दिसत नाहीं, त्यास वास नाहीं, आणि तें अंगांतून आरपार गेलें तरी त्या क्षणीं वेदनाहि होत नाहीं. अशा शत्रूपुढें ताईत व चिलखत दोन्ही निकामी. तेथें तिसऱ्याच तऱ्हेची वस्तु हवी होती. ती संकट टाळीत नाहीं, घाव अडवीत नाहीं. घाव किती झाला एवढेंच सांगते. बिल्ला हा रक्षक नव्हे. तो साक्षीदार आहे. ही एक गोष्ट मनांत ठेविली म्हणजे त्याचा पुढील सारा इतिहास उलगडतो.

हा साक्षीदार मिळेपर्यंत माणसाचें शरीरच साक्षीस उभें करावें लागे. रंटगेननें १८९५ च्या नोव्हेंबरांत क्ष-किरण शोधले, आणि वर्ष उलटण्यापूर्वींच ते रुग्णालयांत, प्रयोगशाळांत व जत्रांतहि जाऊन पोंचले. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली हा या किरणांच्या नळ्या रोज आपल्या हातावर पारखून पाही. प्रथम कातडी जळाली, मग हात कापावे लागले, आणि १९०४ सालीं तो मरण पावला. त्याच्या यातना पाहून एडिसननें हें काम सोडून दिलें. पुढेंहि कितीएक वर्षें डॉक्टर मंडळी किरणांची मात्रा मोजीत ती त्वचा लाल होण्यावरून. १९२५ सालीं मुचेलर या शास्त्रज्ञानें सुरक्षित मर्यादा सुचविली, तिचें मापहि हेंच होतें: त्वचा लाल करणाऱ्या मात्रेचा शंभरावा हिस्सा, तीस दिवसांत. १९२८ सालीं स्टॉकहोम येथें या प्रश्नासाठीं आंतरराष्ट्रीय समिति नेमली गेली. म्हणजे मर्यादा ठरूं लागली होती. परंतु अमक्या माणसानें ती ओलांडली कीं नाहीं हें सांगणारें साधन हातीं नव्हतें.

तें साधन सांपडलें छायाचित्राच्या फिल्ममध्यें. दांतांच्या चित्रासाठीं वापरावयाची लहानशी फिल्म काळ्या कागदांत गुंडाळून कांहीं क्ष-किरण कामगार खिशांत ठेवीत व तिच्यावर कागद अडकविण्याची तारेची टांचणी लावीत. कांहीं दिवसांनीं फिल्म धुतल्यावर टांचणीची आकृति उमटलेली दिसली, तर किरण आपल्यापर्यंत पोंचले असें समजावें. युक्ति साधी होती, पण तिच्यांत पुढील सर्व शास्त्राचें बीज होतें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं शिकागो येथें अणुबॉम्बच्या कामास आरंभ झाला, तेव्हां अर्नेस्ट वोलन या पदार्थवैज्ञानिकानें या फिल्मला धातूच्या गाळणीची जोड देऊन तिचा रीतसर बिल्ला बनविला. एका गुप्त युद्धकार्यांतून, हजारों माणसांच्या सदऱ्यांवर टांचलेली ही प्रकृतीची नोंदवही जन्मास आली.

आपल्या देशांत अणुशक्तीच्या संशोधनाचें केंद्र १९५४ सालीं तुर्भें येथें स्थापन झालें. पुढें १९६७ सालीं त्यास भाभांचें नांव मिळालें. तेथील 'अप्सरा' ही अणुभट्टी १९५६ च्या ऑगस्टांत सुरू झाली. तारापूरचें केंद्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या साह्यानें उभें राहिलें, आणि १९६९ च्या ऑक्टोबरांत त्याच्या दोन भट्ट्यांनीं व्यापारी तत्त्वावर वीज देण्यास प्रारंभ केला. भारतांतील हें पहिलें अणुवीजकेंद्र. मासेमारी, चिकूच्या वाड्या व भातशेती यांवर जगणाऱ्या या किनाऱ्यावर एकाएकीं एक नवा व्यवसाय आला, आणि त्याबरोबर छातीवरची फिल्महि आली.

परंतु शीत देशांत जन्मलेली ही फिल्म कोकणांत सुखानें नांदेना. फिल्मवर किरणांचा जो अदृश्य ठसा उमटतो, तो उष्णतेनें व दमट हवेनें पुसट होतो. उलट त्याच कारणांनीं कोरी फिल्महि काळवंडते. ज्या प्रदेशांत जून ते सप्टेंबर उशीखालची पुस्तकें बुरसतात, तेथें महिनाभर छातीवर वागविलेल्या फिल्मच्या शब्दावर कितपत विसंबावें? साक्षीदार प्रामाणिक, पण त्याची स्मृति हवेबरोबर बदलणारी, अशी ही अडचण होती.

ती दूर करणारें तत्त्व मात्र फार जुनें निघालें. १६६३ सालीं रॉबर्ट बॉइल यानें एक हिरा रात्रीं बिछान्यांत नेऊन अंगाच्या उबेशीं धरला, तों तो मंद प्रकाशूं लागला. १८९५ सालीं वीडेमान व श्मिट यांनीं या चमत्काराचा कृत्रिम पदार्थांवर अभ्यास केला, व मारी क्यूरीनें आपल्या प्रबंधांत फ्लोराइटच्या स्फटिकाविषयीं लिहितांना त्याचा उल्लेख केला. कारण असें: किरणांच्या आघातानें स्फटिकांतील कांहीं विद्युत्कण आपल्या जागेवरून उडतात व आसपासच्या खळग्यांत अडकून पडतात. महिनोन्महिने ते तेथेंच राहतात. पुढें स्फटिक तापविला कीं ते सुटतात आणि सुटतांना प्रकाश देतात. जितके किरण अधिक, तितका प्रकाश अधिक. यास उष्मादीप्ति म्हणतात. १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेंतील फॅरिंग्टन डॅनियल्स यानें किरणांची मात्रा मोजण्यासाठीं या गुणाचा उपयोग सुचविला.

तुर्भें येथील शास्त्रज्ञांनीं यासाठीं जो पदार्थ पसंत केला, तो ऐकून आम्हां शिक्षकांस कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. तो म्हणजे कॅल्शियम सल्फेट. आमच्या वर्गांतील खडू बहुधा ज्या जिप्समचा होतो, त्याचाच हा सख्खा भाऊ. त्यांत डिस्प्रोशियम नामक विरळ धातूचा लेश मिसळला कीं तो किरणांची आठवण उत्तम ठेवतो. नंबी, बापट व गांगुली या तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनीं अशा विरळ धातूंनीं संस्कारिलेल्या कॅल्शियम सल्फेटवर १९७४ सालीं प्रसिद्ध केलेला निबंध या विषयांत आधारभूत मानला जातो. १९७५ पासून देशांत फिल्मच्या जागीं हा नवा बिल्ला येऊं लागला.

त्याची रचना अशी. निकेलचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यास तीन गोल भोकें असतात, आणि प्रत्येकावर त्या पदार्थाची टेफ्लॉनमध्यें मळलेली चकती बसविलेली असते. पत्रा प्लॅस्टिकच्या पेटीत सरकविला म्हणजे एक चकती धातूच्या गाळणीखालीं येते, दुसरी प्लॅस्टिकखालीं, आणि तिसरी उघड्या खिडकीसमोर. तिन्ही चकत्यांनीं दिलेल्या प्रकाशांतील फरकावरून आलेले किरण कोणत्या जातीचे व किती जोराचे, याचा अंदाज बांधतां येतो. एकाच घटनेचे तीन साक्षीदार, आणि तिघांच्या जबाबांतील विसंगतींतूनच सत्य निघावें, असा हा मोठा मार्मिक न्याय आहे. महिन्यानें किंवा तीन महिन्यांनीं बिल्ला प्रयोगशाळेंत जातो. तेथें तप्त नायट्रोजनच्या झोतांत चकत्या प्रकाशतात, यंत्र तो प्रकाश मोजतें, आंकडा नोंदला जातो, आणि पाटी कोरी करून बिल्ला पुन्हां कामावर रुजू होतो.

त्या आंकड्यास अर्थ येतो तो मर्यादेमुळें. निसर्गाकडूनच जगांतील माणसास वर्षाला सरासरी सुमारें २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. कामावरील माणसासाठीं १९७७ सालीं आंतरराष्ट्रीय आयोगानें वर्षाला ५० ची मर्यादा घातली होती. १९९० सालीं ती पांच वर्षांच्या सरासरीनें २० वर आणली. आपल्या देशांत पांच वर्षांत मिळून १०० आणि कोणत्याहि एका वर्षांत ३०, असा नियम आहे. मर्यादा खालीं येत गेली, याचें कारण शरीर दुबळें झालें असें नव्हे. हिरोशिमा व नागासाकी येथें वांचलेल्यांच्या दीर्घ तपासणींतून धोका पूर्वीच्या समजुतीपेक्षां अधिक असल्याचें कळत गेलें. म्हणून नोंदी जपून ठेवाव्या लागतात. कामगार ७५ वर्षांचा होईपर्यंत, आणि काम सोडल्यानंतर निदान ३० वर्षें नोंद ठेवावी, असा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा दंडक आहे. आजची निरुपद्रवी संख्या उद्यांच्या ज्ञानाच्या उजेडांत निराळी दिसूं शकते.

येथवर बिल्ल्याची स्तुति झाली. आतां त्याच्या उणिवा पाहूं. कारण नव्या वस्त्राविषयीं खरा बोध त्यांतच आहे.

पहिली उणीव अशी कीं, जें त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं तें तो सांगूं शकत नाहीं. उत्तर कन्नड जिल्ह्यांतील कैगा येथें २००९ च्या नोव्हेंबरांत ही गोष्ट उघड झाली. तेथील अणुवीजकेंद्रांत पिण्याच्या पाण्याच्या एका यंत्रांत कोणीं तरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलें, आणि पन्नासाहून अधिक कामगारांच्या पोटांत तें गेलें. ट्रिटियमचे किरण इतके क्षीण कीं शरीराबाहेर येऊन छातीवरच्या चकतीस स्पर्शहि करीत नाहींत. बिल्ले निर्मळच राहिले. प्रकार ध्यानांत आला तो मूत्राच्या नेहमींच्या तपासणीमुळें. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्याहि जड पाण्याच्याच आहेत. तेव्हां हा धडा आपल्या दारचाहि आहे. अंगावरील साक्षीदार कितीहि चतुर असला तरी अंगांतील गोष्टीसाठीं वेगळी विचारपूस करावी लागते.

दुसरी उणीव याहून गंभीर. ज्याच्या अंगावर बिल्लाच नाहीं, त्याच्या वतीनें साक्ष कोण देणार? २०१० सालीं दिल्ली विद्यापीठांतील एक जुनें किरणयंत्र लिलांवांत निघालें व मायापुरीच्या भंगारबाजारांत फोडलें गेलें. त्यांतील कोबाल्टनें कित्येक मजूर भाजून निघाले; एकाचा मृत्यु झाला. विद्यापीठांतील विद्वानांस किरणोत्सर्ग म्हणजे काय हें ठाऊक होतें. भंगार फोडणाऱ्या हातांस त्याचें नांवहि ठाऊक नव्हतें. तेथें मात्रा मोजली ती पुन्हां १९०४ च्याच रीतीनें, जळलेल्या कातडीवरून.

तिसरी उणीव बिल्ल्याची नव्हे, त्याच्या वापराची आहे. मर्यादा प्रत्येक माणसापुरती असते. म्हणून एकाची मर्यादा भरत आली कीं दुसऱ्यास कामावर घ्यावें, असा हिशेब जगांतील अनेक केंद्रांत चालत आला आहे, आणि दुरुस्तीच्या कामांत हा दुसरा बहुधा हंगामी मजूर असतो. प्रत्येक आंकडा नियमांत बसतो. पण भट्टींतली गळती बंद करण्याची निकड तितकी कमी होते. साक्ष खरी असूनहि न्याय अपुरा राहूं शकतो, तो असा.

आतां त्या नव्या वस्त्राकडे वळूं. पडद्याआडच्या राजस्त्रीच्या मनगटास रेशमी दोरा बांधून, त्याच्या दुसऱ्या टोंकावरून वैद्य नाडी पाहत, अशी आख्यायिका आपण सर्वांनीं ऐकिलेली आहे. ती खरी असो वा नसो, धाग्यानें शरीराचा निरोप आणावा ही आकांक्षा तिच्यांत स्पष्ट दिसते. १९४०-५० च्या दशकांत नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकानें चालत्या माणसाच्या हृदयाचे ठोके दूर पोंचविले, तेव्हां त्याच्या पाठीवरील यंत्राचें वजन सुमारें ३८ किलो होतें. पुढें हें ओझें हलकें होत होत कापडांत शिरलें. १९९० नंतरच्या दशकांत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंत कांहीं संशोधक विजेचे धागे शोधीत होते. त्यांच्या हातीं आलें तें रेशमावर धातूचा पातळ पत्रा गुंडाळून विणलेलें तलम कापड; आणि तें शंभर वर्षांहून अधिक काळ भारतांतच तयार होत आलेलें होतें! आपल्या पैठणीच्या पदरावरची जर ही याच जातीची. ज्या धाग्यानें आपण वैभव मिरविलें, त्या धाग्यांतून वीज वाहते हें मात्र दुसऱ्यांनीं हेरलें. त्याच सुमारास जॉर्जिया येथें सुंदरेशन जयरामन यांनीं अमेरिकन नौदलाच्या साह्यानें एक सदरा विणविला. त्यांत प्रकाश वाहणारे तंतु होते. गोळीनें तंतु तुटला कीं जखम कोठें झाली तें कळावें, आणि त्याच सदऱ्यानें नाडी व श्वासहि टिपावे. आज चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्यांचे असे सदरे निघाले आहेत. ताण पडला कीं धाग्याचा विद्युत्-रोध बदलतो, त्यावरून श्वास मोजतां येतो. घाम, धुणें आणि हालचाल हे त्यांचे तीन वैरी. कोकणांत फिल्मची जी दशा झाली, ती या धाग्यांची होऊं नये म्हणून पुष्कळ खटपट अद्याप चालू आहे.

बोईसरच्या परिसरांत कापडहि निघतें आणि रसायनेंहि. २०२० च्या जानेवारींत याच वसाहतींतील एका कारखान्यांत स्फोट होऊन कामगार प्राणांस मुकले. स्फोटाची वार्ता वर्तमानपत्रांत येते. परंतु वाफा व रंगांची भुकटी यांनीं वर्षानुवर्षें हळूहळू जें होतें, त्याची वार्ता होत नाहीं. हवेंतील विषारी वायु टिपणारी, कपड्यास अडकविण्याची लहान नळी १९७३ पासून शास्त्रास ठाऊक आहे. भोपाळच्या १९८४ च्या अनर्थानंतर, १९८७ सालीं कारखान्यांच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन, धोक्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या प्रकृतीची नोंद ठेवावी व ती नोंद कामगारास पाहावयास मिळावी, असें कलम घातलें गेलें. हें शेवटचें वाक्य आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. नोंद ठेवावी एवढ्यानें भागत नाहीं. ज्याच्या शरीराची ती नोंद, त्यास ती दिसली पाहिजे.

कोणी म्हणेल, नवा सदरा क्षणोक्षणीं बातमी देणार, मग चिंता कशाची? आम्हांस चिंता वाटते ती याचसाठीं. बिल्ला महिन्यानें एकच गोष्ट सांगे, आणि तीहि बाहेरून आलेल्या किरणांविषयीं. सदरा तर माणसाच्या काळजाचे ठोके, त्याचा थकवा, त्याची झोप हीं सारीं सांगणार. कारखाना घातक आहे असें बिल्ला सांगे. माणूस दुबळा आहे असें सदरा सांगेल. पहिल्या साक्षीवरून कारखाना सुधारावा लागतो, दुसऱ्या साक्षीवरून माणसालाच काढून टाकणें सोपें जातें. साक्षीदार तोच, पण आरोपी बदलला! म्हणून असें वस्त्र अंगावर घालण्यापूर्वींच, त्याची नोंद प्रथम कोणाच्या हातीं पडेल व तिचा उपयोग कोणाविरुद्ध होणार नाहीं, हें ठरलें पाहिजे.

तारापूरच्या बिल्ल्यानें आपणांस इतकें शिकविलें आहे कीं, मोजणें हें रक्षण नव्हे. पण मोजल्यावांचून रक्षणाची मागणीहि करतां येत नाहीं. हा लाभ स्थानकावरून निघणाऱ्या दुसऱ्या प्रवाहास मिळाला. पहिल्या प्रवाहास तो केव्हां मिळेल, हा प्रश्न शास्त्राचा राहिलेला नाहीं. तो आपल्या सर्वांच्या लक्षाचा आहे. ज्या घरांतून रोज सकाळीं डबा भरून माणूस कामावर जातो, त्या घरानें महिन्याच्या पगाराबरोबर त्याच्या नोंदींतील आंकडाहि एकदां विचारावा. इतकी संवय आपल्या कुटुंबांस लागली, तरी मांडणीवरच्या त्या मुक्या बिल्ल्याचें बरेंचसें सार्थक होईल.